देहाची रोजकीर्द

हिशेब ठेवणें हा सद्गुण आहे काय, असा प्रश्न एखाद्या व्यापाऱ्यास विचारला तर तो हसेल. ज्याची कीर्द-खतावणी चोख त्याचा व्यवहार चोख, हें त्याच्या मतें सांगावयासहि नको. परंतु हाच प्रश्न देहाविषयीं विचारला असतां उत्तर इतकें सोपें राहत नाहीं. हल्लीं सुशिक्षित घरांतून देहाचीहि रोजकीर्द लिहिली जाते. मनगटावरचें घड्याळ पावलें मोजतें, खिशांतला फोन पोळीचे उष्मांक सांगतो, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं गृहस्थ जमा व खर्च यांची वजाबाकी पाहून संतुष्ट तरी होतो किंवा खिन्न तरी होतो. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो या खिन्नतेचा. खाल्लेलें अन्न व केलेला व्यायाम यांचा मेळ कसा घालावा, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. पण तो मेळ बसला नाहीं म्हणून माणसानें स्वतःस अपराधी मानावें काय, हा नीतीचा प्रश्न आहे, आणि पहिला प्रश्न नीट समजल्यावांचून दुसरा सुटणार नाहीं.

प्रथम या हिशेबाचें कूळ पाहूं. प्राण्याचें जगणें हें एक प्रकारचें मंद ज्वलन आहे, हें फ्रान्समध्यें लाव्हाझ्ये व लाप्लास यांनीं १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत सप्रयोग दाखविलें. बर्फानें वेढलेल्या पात्रांत त्यांनीं एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत, कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाउन येथें, विल्बर ॲटवॉटर यांनीं लहानशा खोलीएवढें उष्णतामापक यंत्र उभारून त्यांत माणसें दिवसचे दिवस ठेविलीं. त्यांनीं खाल्लेलें अन्न व बाहेर टाकलेली उष्णता यांचा ताळा जमतो असें आढळून आलें. लिटरभर पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढीस आहारशास्त्रांत एक कॅलरी, म्हणजेच उष्मांक, म्हणतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिनें यांच्या दर ग्रॅमास ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅमास ९ उष्मांक, हें आजहि चालणारें कोष्टक ॲटवॉटर यांच्याच कामाचें फळ होय. यांत नीति-अनीतीचा गंधहि नव्हता.

तो गंध लवकरच आला. १९१८ सालीं डॉ. लूलू हंट पीटर्स या अमेरिकन स्त्री-वैद्यांनीं सामान्य वाचकांकरितां उष्मांकांवर एक पुस्तक लिहिलें, व तें अतोनात खपलें. महायुद्ध चालू होतें, अन्न वांचविणें हें देशकार्य होतें; तेव्हां अंगावर चरबी सांठविणें म्हणजे युद्धकाळांत धान्य दडवून ठेवण्यासारखेंच, असा त्यांचा सूर होता. युद्ध संपलें, सूर मात्र राहिला. आमच्याकडे निंदेचा शब्द याहूनहि जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय आठ निंदित पुरुषांचा असून त्यांत अतिस्थूलाची गणना आहे. पण त्याच यादींत अतिकृशहि आहे. आणि स्थौल्याचीं कारणें सांगतांना अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांच्याच पंक्तीस बीजस्वभावहि बसविला आहे, हें निंदा करणाऱ्यांस सहसा आठवत नाहीं. जें बीजांतून आलें त्याचा दोष कोणाच्या माथीं मारावयाचा?

आतां हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहूं. चाळीस वर्षांचे, १६५ सेंटिमीटर उंचीचे, ७५ किलो वजनाचे, बैठें काम करणारे एक गृहस्थ घ्या. १९९० सालीं मिफ्लिन, सेंट जॉर व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेलें सूत्र आज पुष्कळ ठिकाणीं वापरतात: किलोंतील वजनाची दसपट, अधिक सेंटिमीटरांतील उंचीची सव्वासहापट, उणें वयाची पांचपट, आणि पुरुष असल्यास अधिक ५, स्त्री असल्यास उणें १६१. या गृहस्थांचें उत्तर सुमारें १,५८६ येतें. हा नुसता पडून राहण्याचा खर्च. हृदय, यकृत, मेंदू यांचें रोजचें भाडें म्हणाना. बैठ्या माणसाच्या हालचालीसाठीं याची १.४ पट केली म्हणजे दिवसाचे सुमारें २,२०० उष्मांक होतात. त्यांतून रोज ५०० कमी खाल्ले, तर किलोभर चरबीचे ७,७०० उष्मांक धरून आठवड्यास जवळजवळ अर्धा किलो वजन उतरावें. कागदावर सर्व चोख आहे.

परंतु सूत्र हें सरासरीचें असतें. पुष्कळांच्या बाबतींत तें एकदशांशाच्या आंत उतरतें, कित्येकांच्या बाबतींत त्याहून अधिक चुकतें. २,२०० चा एकदशांश म्हणजे २२०. हेच गृहस्थ तासाभरांत पांच किलोमीटर चालून आले, तर बसून राहिल्यानेंहि जो खर्च झालाच असता तो वजा जातां, त्यांच्या खातीं सुमारें १९० उष्मांक पडतात. म्हणजे अंदाजांतली चूक तासभर चालण्याहूनहि मोठी असूं शकते. आणि परततांना खाल्लेला एक वडापाव, सुमारें ३०० उष्मांकांचा, या दोहोंहून मोठा. घरच्या फोडणींत एक मोठा चमचा तेल अधिक पडलें कीं सव्वाशें उष्मांक निमूटपणें वाढले.

शिवाय देह हा सांगितलें तेवढेंच लिहिणारा मुनीम नव्हे. पेढीचा मालकच तो आहे. जमा कमी झाली कीं तो खर्चास कात्री लावतो. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं ३६ तरुणांवर अर्धपोटीं राहण्याचा प्रयोग केला. सहा महिन्यांत त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांशानें घटलें, पण विश्रांतींतला खर्चहि सुमारें ४० टक्क्यांनीं घटला. हे तरुण दुर्बल मनाचे नव्हते. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धांत शस्त्र धरण्यास नकार देणारे व स्वेच्छेनें प्रयोगांत शिरलेले ते होते. तथापि त्यांचें सारें चित्त अन्नानें व्यापलें, आणि कित्येक जण पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसले. भूक म्हणजे केवळ इच्छाशक्तीचा अभाव असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. खर्च वाढविला तरी देह असाच वागतो असें दिसतें. टांझानियाच्या उत्तरेकडील हाड्झा लोक शिकार व कंदमुळें यांवर जगतात व दिवसभर हिंडतात; पण २०१२ सालीं हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी यांनीं मोजलें तेव्हां, देहाच्या आकाराचा फरक वजा जातां, त्यांचा एकूण दैनिक खर्च बैठ्या पाश्चात्य माणसांइतकाच निघाला.

तर मग वही फेकून द्यावी काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. १९९२ सालीं न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं, अगदीं थोडें खाऊनहि वजन उतरत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या कांहीं माणसांची परीक्षा केली. त्यांनीं सांगितलेला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनीं कमी, आणि सांगितलेला व्यायाम ५१ टक्क्यांनीं अधिक निघाला. यावरून त्यांस लबाड म्हणणें सोपें आहे. पण आपल्याच घरांतलें उदाहरण पाहावें: सर्वांस आग्रहानें वाढून शेवटीं जेवणारी गृहिणी मुलांच्या ताटांतले चार घांस व पातेल्याच्या तळचा भात, अन्न टाकवत नाहीं म्हणून, खाऊन टाकते. तें तिच्या लेखीं जेवण नसतेंच; तें आवरणें असतें. तिला विचारलें तर ती खरेंच सांगेल, आणि तरीहि आंकडा चुकेल. स्मरणशक्ति ही अशी पक्षपाती असल्यामुळेंच कांहीं दिवस लिहून पाहणें हितकर आहे. वही आपल्याला आपलीच ओळख करून देते. आणि ओळख म्हणजे निवाडा नव्हे.

निवाडा सुरू होतो तो आपण व्यायामाला दंड व अन्नाला गुन्हा मानूं लागतों तेव्हां. काल जिलबी खाल्ली म्हणून आज तासभर धांवावयाचें, आणि आज धांवलों म्हणून उद्यां जिलबी खावयाची, ही ‘एकादशी, दुप्पट खाशी’ याच जातीची नीति होय. तींत उपासाचेंहि पुण्य नाहीं व पारण्याचाहि आनंद नाहीं. व्यायामाची तर यांत मोठीच हानि होते. नियमित चालण्यानें हृदय सुधारतें, रक्तांतील साखर ताब्यांत राहते, वजन उतरत असतां स्नायु टिकतात; हें सर्व कांटा हलो वा न हलो. पण जो दंड भरण्यासाठींच चालतो तो, कांटा हलेनासा झाला कीं, चालणें सोडतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला तो लोकांचें आदल्या दिवशींचें जेवण फेडण्यासाठीं नव्हे.

आणि कांटा तरी काय सांगतो? २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें आपलीच जोडी पुढें मांडली. दोघांचाहि उंची-वजनाचा निर्देशांक २२.३; पण युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. आंकडा एकच असून देह भिन्न. मग वजनावरून माणसाचें शील वाचणारा किती फसत असेल!

ज्यास वजन उतरावयाचें आहे त्यानें सूत्राचा आंकडा आरंभापुरता घ्यावा. तीन-चार आठवडे प्रामाणिकपणें लिहावें. रोजच्या चढउताराकडे दुर्लक्ष करून आठवड्याची सरासरी पाहावी, आणि तीवरून आंकडा दुरुस्त करावा. तूट मुख्यतः ताटांतून काढावी, कारण तेथें ती स्वस्त पडते. व्यायाम मात्र त्याच्या स्वतःच्या फळांसाठीं, वजन उतरल्यावरहि, चालू ठेवावा. ज्याच्या मनालाच या हिशेबानें ग्रासलें असेल त्यानें वही मिटावी व जाणत्या वैद्याकडे जावें. ज्या हिशेबाचे आंकडे एकदशांशानें मागेंपुढें होतात, ज्याचा अर्धा भाग बीजावर व स्वयंपाकघरावर अवलंबून आहे, त्यावर आहाराची आंखणी करतां येते. माणसाची किंमत ठरवितां येत नाहीं, स्वतःचीहि नाहीं व शेजाऱ्याचीहि नाहीं. देहाची खतावणी अवश्य ठेवावी. तींत पापपुण्याचें खातें उघडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.