अंबेच्या खाडीतलं पाचवं कारण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आमच्या पेणच्या वाचन मंडळात मात्र दैवाचं नाव निघालं की बाकीची चार मुकाट होतात. दैवाचा नंबर पाचवा आहे, याची आठवण करून देणं हा माझ्यासारख्या निवृत्त प्राणिशास्त्राच्या मास्तरचा उद्योग.

माझा दाखला अंबेच्या खाडीतला. रोह्याच्या नागोठण्यापासून खाली पेणच्या वडखळ-धरमतरपर्यंत पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. रात्री ते बारीक जाळीतून गाळून भिंगाखाली धरलं, की खेकड्यांची पिल्लं दिसतात: मिलिमीटरभर काचेसारखं अंग, टपोरे काळे डोळे, डोक्यावर काटा. हे प्लवक. ओहोटीला छातीवर घेणं त्यांच्या बापजन्मी जमणार नाही. जमतं ते वर येणं आणि खाली जाणं.

पण तळाशी चिखलाच्या घर्षणानं प्रवाह मंद, वर जोराचा. कित्येक जातींची नवजात पिल्लं ओहोटीवर समुद्राकडे जातात. थोराड झाली की भरतीला वर, ओहोटीला तळाशी, असं करत मजल-दरमजल खाडीत परततात. नागोठण्याचे मचवेही पूर्वी भरती धरूनच वर जायचे. बाहेर समुद्रात प्लवकांचं वेळापत्रक सूर्यावर: दिवसा खोल, कारण उजेडात मासे टिपतात; रात्री चरायला वर.

आमचे आप्पा सोडत नाहीत. "मास्तर, त्या पिल्लाला भरतीची वेळ कोण सांगतं?"

प्रश्न रास्त आहे. काही जातींची पिल्लं प्रयोगशाळेच्या स्थिर पाण्यातही भरती-ओहोटीच्या ठेक्यात वर-खाली करत राहतात. अवेळी वर येणाऱ्यांचा वंश वाहून गेला, उरलेल्यांच्या अंगात वेळ मुरली. यात कर्ता शोधू गेलं तर हाती लागत नाही, हे कबूल.

म्हणून मी विनोबांकडे वळतो. जन्म आमच्याच तालुक्यातल्या गागोद्याचा, 1895 चा. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीता सांगितली, सानेगुरुजींनी उतरून घेतली. हलायची सोय नसलेला माणूस कर्मावर बोलतो, आणि ते ऐकावंसं वाटतं! शिवाय कृष्णही शेवटी अर्जुनाला म्हणतो, नीट विचार कर आणि मग हवं ते कर. असं त्या पिल्लाला कुणी म्हटलेलं नाही.

"आणि तुझा स्वभावच तुला ओढून नेईल, हे तीनच श्लोक आधी म्हटलंय, ते?" आप्पा विचारतात.

तेही आहे.