काललिंग

मराठी कलासमीक्षेत ‘अमूर्त’ हा शब्द ज्या चित्रात ओळखता येण्याजोगी वस्तू नसते त्या चित्रासाठी रूढ झाला आहे. वासुदेव गायतोंडे यांना मात्र आपल्या चित्रांसाठी हे विशेषण मान्य नव्हते. ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत, कारण अमूर्तीकरण म्हटले की आधी एखादी वस्तू गृहीत धरावी लागते आणि मग तिच्यातून काही वजा करावे लागते. संस्कृत शब्दाची घडण आणखी निराळी आहे. ‘मूर्त’ हे रूप ‘मूर्च्छ्’ या धातूपासून आले असून थिजणे, गोठणे, घट्ट होणे हा त्या धातूचा एक अर्थ आहे. म्हणजे जे थिजून घट्ट झाले ते मूर्त. या अर्थाने लाव्हा थिजून झालेल्या दगडाइतके मूर्त दुसरे काही सांगता येणार नाही, आणि तरीही त्याच दगडावरच्या रेषा, वलये व डाग एखाद्या चौकटीत दिसले, तर आजचा प्रेक्षक त्यांना बेलाशक अमूर्त म्हणेल.

महाकालेश्वराचे उज्जैन ज्या माळव्याच्या पठारावर वसले आहे ते महाराष्ट्राच्या पठाराप्रमाणेच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांचे आहे. हा पाषाण झिजून काळी जमीन होते. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वैशाखात रिकाम्या शेतांवर भेगांचे बहुकोनी जाळे पसरते. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे सिलिका थराथराने साचून अकीक तयार झाला, ज्याच्या एकात एक बसलेल्या वलयांना कुणाचा हात लागलेला नाही आणि त्यांच्यामागे कुणाचा हेतूही नाही. शेतकरी भेगांकडे पाहतो तो जमिनीचा कस आणि ओल जाणण्यासाठी, आणि ते रास्तच आहे. आकृती म्हणून त्यांच्याकडे पाहायला निराळी नजर लागते. (उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ साली पुढे गुहाचित्रांसाठी प्रसिद्ध झालेल्या भीमबेटकाच्या खडकांपाशी आगगाडीतून उतरले ते पुरातत्त्वज्ञ होते म्हणून, असे सांगितले जाते; पण ते चित्रकारही होते, हे सहसा सांगायचे राहून जाते.) कलाकृतीला कर्ता आणि हेतू हवाच असे मानले तर भेगा आणि वलये कलेच्या बाहेर राहतात. भारतीय धर्मव्यवहाराने मात्र कर्त्याची अट फार पूर्वीच सैल केली आणि घडवण्याच्या बरोबरीने निवडण्यालाही मान दिला.

या निवडीचा एक अतिशय जुना पुरावा मध्य प्रदेशातल्याच सीधी जिल्ह्यात, शोण नदीच्या खोऱ्यातल्या बाघोर येथे मिळाला. पुरातत्त्वज्ञ जी. आर. शर्मा आणि डेसमंड क्लार्क यांच्या चमूने १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे केलेल्या उत्खननात दगडगोट्यांचा एक लहानसा गोल ओटा सापडला आणि त्याच्याशी निगडित असा वीतभरापेक्षाही लहान त्रिकोणी दगड सापडला, ज्याच्या अंगावर पिवळसर तपकिरीपासून गडद तांबड्यापर्यंतचे, एकात एक बसलेले त्रिकोणी पट्टे निसर्गतःच उमटलेले होते. ही वस्ती उत्तर पुराश्मयुगातली, म्हणजे जुन्या अश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यातली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या शीर्षकात संशोधकांनी देवस्थानाच्या उल्लेखापुढे प्रश्नचिन्ह ठेवले, आणि ते उचितच होते. परंतु त्या भागातले कोल आणि बैगा लोक आजही तशाच पट्ट्यांचे दगड ओट्यावर मांडून देवी म्हणून पूजतात, ही नोंदही त्याच संशोधकांची आहे. त्या दगडावर छिन्नीचा घाव नाही. कुणीतरी तो हजार दगडांतून उचलला, एवढीच काय ती कृती. मराठी देवघरातल्या पंचायतनाचे तत्त्वही हेच आहे. पंचायतन म्हणजे पाच देवतांची एकत्र पूजा. तिच्यात शिव हा नर्मदेत घासून गुळगुळीत झालेला बाण, म्हणजे लिंगाकार गोटा असतो, विष्णू हा गंडकीतला शाळिग्राम, म्हणजे शंखासारख्या एका लुप्त सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो, आणि गणपती हा त्याच शोण नदीतला तांबडा दगड असतो. घडवलेल्या मूर्तीला प्राणप्रतिष्ठेचा विधी लागतो. बाणाला व शाळिग्रामाला तो लागत नाही, कारण त्यांच्यातले देवत्व आणलेले नसून आढळलेले आहे, असे शास्त्र मानते. हातपायतोंड नसलेल्या देवीच्या दगडाला मराठीत ‘तांदळा’ असा स्वतंत्र शब्द आहे, यावरून ही दृष्टी किती अंगवळणी पडली होती ते कळते.

तथापि येथे एक अडचण आहे. दगड त्याच्या अंगच्या आकृतीमुळे निवडला गेला, तरी पूजेला बसताच ती आकृती दिसेनाशी होते. तांदळ्यावर शेंदराची पुटे चढतात. मराठा सरदार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या उज्जैनच्या महाकालेश्वराच्या मंदिरात स्वयंभू, म्हणजे आपोआप प्रकटलेल्या मानल्या गेलेल्या पिंडीवर दररोज चंदनाचा, भांगेचा, सुक्या मेव्याचा शृंगार होतो, डोळे आणि ओठ रेखून मुखवटा साकारला जातो, आणि पहाटेच्या भस्मआरतीपूर्वी तो सारा उतरवला जातो. शैव आगम परमेश्वराच्या अवयवरहित अवस्थेला ‘निष्कल’, अवयवयुक्त अवस्थेला ‘सकल’ आणि लिंगाला दोहोंच्या मधले ‘सकल-निष्कल’ म्हणतात. उज्जैनमध्ये हा सिद्धान्त रोज मांडला आणि पुसला जातो, असे म्हणता येईल. पण मुखवटा आणि भस्म यांच्यामधल्या थोड्या वेळातल्या उघड्या दगडाकडे दगड म्हणून पाहणारे थोडेच. त्या पृष्ठभागाकडे बारकाईने पाहिले गेले ते अगदी वेगळ्या कारणाने. पिंडीची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, पुरातत्त्व आणि भूविज्ञान या दोन्ही सर्वेक्षणांच्या तज्ज्ञांनी तिची पाहणी केली, आणि सप्टेंबर २०२० च्या निकालात पिंडी कुणी घासू नये असा आदेश देण्यात आला.

ही झीज ज्या देवाच्या अंगावर होते त्याचे नावच महाकाल आहे. वैशेषिक दर्शनात मूर्त म्हणजे ज्याचे परिमाण मर्यादित आहे ते द्रव्य. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही मूर्त, तर आकाश, काल, दिशा आणि आत्मा ही सर्वव्यापी, म्हणून अमूर्त. ज्याच्या गणिताची मध्यरेखा उज्जैनवरून जाते तो सूर्यसिद्धान्त हा ज्योतिषग्रंथ कालाचेच मूर्त आणि अमूर्त असे दोन भाग करतो: श्वासाइतका, म्हणजे सुमारे चार सेकंदांचा ‘प्राण’ आणि त्याहून मोठी मापे मूर्त, तर ‘त्रुटी’सारखे व्यवहारात न मोजता येणारे सूक्ष्म भाग अमूर्त. एक शास्त्र व्याप्ती पाहते, दुसरे मोजमाप. काल डोळ्यांना दिसत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. न दिसणारे ज्या खुणेवरून अनुमानाने कळते तिला न्याय-वैशेषिक परिभाषेत ‘लिंग’ म्हणतात, जसे धूर हे अग्नीचे लिंग. अलीकडचे, पलीकडचे, एकाच वेळी, उशिरा, लवकर या प्रतीतींना वैशेषिकसूत्रांनी ‘काललिंगे’ म्हटले आहे. सूत्रकार कणादांच्या मनात तेव्हा ज्ञानाचे प्रकार होते, दगडावरची झीज नव्हती, हे खरे. तरीही आधीचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि नंतरचा खडबडीत, हा भेद पाहणाऱ्याला अलीकडचे आणि पलीकडचे हीच प्रतीती देतो. न्यायालयाच्या कागदपत्रांत या भेदाची नोंद झीज म्हणूनच झाली आहे.