चार अक्षरांचा स्वभाव

मायर्स-ब्रिग्ज ही स्वभावचाचणी एका मायलेकीने घडवली. आई कॅथरिन ब्रिग्ज, मुलगी इसाबेल मायर्स. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीनेही घेतलेले नव्हते. इसाबेलने तर त्याआधी रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवले होते. कार्ल युंग यांचे स्वभावप्रकारांवरचे जर्मन पुस्तक १९२१ साली आले. त्याच्या आधारे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इसाबेलने प्रश्नावली रचायला घेतली. ज्याला जे मानवेल ते काम त्याला मिळावे, हा तिचा हेतू. अंतर्मुख की बहिर्मुख, तपशिलावर भिस्त की अंतःप्रेरणेवर, तर्क की भावना, आखीव की मोकळे, अशा चार जोड्या. प्रत्येकीतून एक अक्षर. त्यातून सोळा प्रकार होतात आणि माणूस त्यांपैकी एकात बसतो.

बसतो म्हणजे बसवला जातो. बहुतेक माणसे कोणत्याही जोडीत टोकाला नसतात, मध्याच्या आसपास असतात. एखाद्याची उत्तरे जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त अंतर्मुखतेकडे झुकली की त्याला ते अक्षर मिळते. शेजारच्याची तेवढीच दुसरीकडे झुकली की उलटे अक्षर. दोघांच्या स्वभावात फरक नाममात्र, निकालात मात्र पूर्वपश्चिम. म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर अनेकांचे एखादे अक्षर पालटलेले दिसते.

तरीही निकाल वाचताच ‘अगदी मीच!’ असे वाटते, त्याला कारण आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन हाती दिले. ते कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होते आणि त्यातली वाक्ये फोररने भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. मायर्स-ब्रिग्जचा निकाल इतका पोकळ नसतो. तो भरणाऱ्याच्याच उत्तरांतून निघतो. पण मग त्याचे मोलही तेवढेच. आपणच दिलेली साक्ष छापून परत येते आणि छापील म्हणून ती निवाड्यासारखी वाटू लागते.

नैतिक प्रश्न इथून पुढे सुरू होतो. ‘स्वभावाला औषध नाही’ असे मराठीत पूर्वी दुसऱ्याविषयी, हात टेकून म्हणत. चाचणी दिलेला माणूस तेच स्वतःविषयी म्हणतो, आणि काहीशा ऐटीत. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातही लक्षणांच्या लांबलचक याद्या आहेत: मूर्खाची, पढतमूर्खाची, रजोगुणी, तमोगुणी, सत्त्वगुणी माणसाची. पण मूर्खलक्षणे समर्थांनी टाकून देण्यासाठी सांगितली. ती वाचणारा आपल्यात काय सापडते ते चाचपतो आणि ओशाळतो. ओळखपत्रासारखी ती गळ्यात कोणी अडकवत नाही.

कचेरीतल्या सहकाऱ्याचे वडील वारतात. बाकीचे जाऊन येतात, एक जण दोन ओळींचा निरोप मोबाइलवर धाडतो. ‘मी अंतर्मुख आहे, मला अशा ठिकाणी बोलता येत नाही,’ हे त्याचे म्हणणे खोटे नाही. प्रशिक्षणवर्गातल्या निकालाच्या कागदावर ते अक्षर ठळक छापलेले आहे. मात्र लोकांच्या गराड्यात थकवा येतो की हुरूप, एवढेच ते अक्षर सांगते. कोणाच्या दारी जायचे, हे त्याच्या कक्षेतच येत नाही. शिवाय जे गेले त्यांना तरी काय बोलायचे ते कुठे ठाऊक होते? दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेली माणसे. एरवी सभा गाजवणारासुद्धा तिथे ‘कसे झाले?’ एवढे विचारतो आणि खाली बघत बसतो. निघतानाही ‘येतो’ म्हणायचे नसते. न बोलताच उठायचे असते.