उपसण्याआधीची तलवार

शस्त्राने केलेली हिंसा धर्म्य केव्हा ठरते, या प्रश्नाला भारतीय आणि जपानी परंपरांनी दिलेले एक उत्तर विलक्षण जवळचे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायानुसार ज्याच्या ठायी कर्तेपणाचा अहंकार नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारत नाही. तर सतराव्या शतकात ताकुआन सोहो या झेन भिक्षूने, म्हणजे ध्यानाला सर्वोच्च स्थान देणाऱ्या बौद्ध पंथाच्या साधूने, शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) दरबारातील तलवारविद्येचा गुरू याग्यू मुनेनोरी याला उपदेश केला, की लढताना मन प्रतिस्पर्ध्याच्या पात्यावर अडकू नये आणि आपल्या पात्यावरही अडकू नये. दोन्हीकडे कसोटी योद्ध्याच्या अंतःकरणात ठेवली आहे आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे, कारण मन निर्विकार होते याची ग्वाही मारणाराच देणार. मेलेल्याची साक्ष कोणी काढत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि नामदेवांची 61 पदे ज्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्या ग्रंथाला गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये शेजारच्या नांदेडला गुरुपद दिले. ज्या शीख परंपरेने मराठी संताची भक्ती अशी जपली, तिनेच तलवारीसाठी निराळी कसोटी घालून दिली. औरंगजेबाला फारसीत लिहिलेल्या ‘जफरनामा’ या पत्रात गुरूंची भूमिका अशी आहे, की बाकी सर्व उपाय खुंटल्यावरच तलवारीला हात घालणे रास्त होय. येथे योद्ध्याचे मन बाजूला राहते आणि तलवार उपसण्यापूर्वी काय काय करून पाहिले, ही तिऱ्हाइतालाही तपासता येण्याजोगी गोष्ट पुढे येते.

चित्रपटाचे वाकडे येते ते या दुसऱ्या कसोटीशी. पडद्याला मनाचा तळ दिसत नाही, म्हणून तो संथ गती आणि पार्श्वसंगीत यांच्या आधाराने योद्ध्याचे पावित्र्य सुचवतो. आणि उपाय खुंटण्याची कंटाळवाणी वाटचाल प्रेक्षक सोसणार नाही, या धास्तीने ती चार संवादांत उरकतो. अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (1954) याला सन्माननीय अपवाद आहे. त्यात क्यूझो नावाचा सामुराई बांबूच्या काठीने एकाशी सामना खेळतो. प्रतिस्पर्धी बरोबरी झाल्याचा दावा करतो, तेव्हा खरी तलवार असती तर तू मेला असतास, एवढेच सांगून क्यूझो निघू पाहतो. समोरचा खऱ्या तलवारीचा हट्ट सोडत नाही, आणि एकाच घावात कोसळतो. दृश्याचा सगळा भार क्यूझोच्या नाखुशीवर आहे, घाव क्षणाचा आहे. आणि पुढे हाच निष्णात तलवारबहाद्दर बंदुकीच्या गोळीने मरतो.

कोल्हापूरकडील मर्दानी खेळांतही हाच संयम दिसतो. मुठीऐवजी कोपरापर्यंत हात झाकणारे लोखंडी आवरण असलेला लांब, लवचिक पात्याचा दांडपट्टा फिरवत खेळाडू दुसऱ्याच्या तळहातावरचे लिंबू कापतो, तेव्हा लिंबाची दोन शकले होतात आणि कातडीवर ओरखडाही उठत नाही. पाते कुठे थांबले, यावर तेथे वस्तादाची पारख होते. पडद्यावरचा दांडपट्टा मात्र सहसा थांबण्यासाठी फिरत नाही.

मराठी इतिहासपटांच्या लाडक्या प्रसंगांना ‘जफरनाम्या’ची ही कसोटी लावली, तर ते एका पंक्तीत बसत नाहीत. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्महिने चालला, तहाची बोलणी झाली, रात्री निसटण्याचा मार्ग काढला, आणि पाठलाग अंगावर आल्यावर 13 जुलै 1660 रोजी बाजीप्रभूंनी खिंड अडवली. शिवाजी महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंतचा वेळ मिळवणे, एवढेच त्या तलवारीचे काम होते. सेनापती प्रतापराव गुजरांचे तसे नव्हते. शरण आलेल्या बहलोलखानाला त्यांनी उमराणीजवळ सोडून दिले, त्यावर महाराजांचा ठपका आला, आणि फेब्रुवारी 1674 मध्ये नेसरीजवळ ते सहा साथीदारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. फौज मागे होती, थांबता येत होते, दुसरे उपाय शिल्लक होते. त्या सात जणांचे शौर्य वादातीत आहे. पण उमराणीला दाखवलेली दया हा सेनापतीचा गुन्हा होता की धर्म, हा त्या कथेतला खरा अवघड प्रश्न सात घोड्यांच्या टापांखाली हरवून जातो.