देखणा साक्षीदार

दिवाळीत घरोघर जे वाद रंगतात त्यांचे विषय पिढीगणिक बदलत असतात. चकली कोणाच्या घरची अधिक खुसखुशीत, किल्ल्यावरचा मावळा कोणाचा अधिक ऐटदार, यांवरून हमरीतुमरीवर येणारी माणसे मी पाहिली आहेत. अलीकडे एका नव्या वादाने या सर्वांवर ताण केली आहे. फोटो कोणाच्या फोनचा चांगला? आयफोनचा, सॅमसंगचा, की गूगलच्या पिक्सेलचा? फराळाचे ताट पुढे येते, आणि त्यावर हात पडण्याआधी तीन फोन ओणवे होतात. मग तिन्ही पडदे शेजारी शेजारी धरून न्यायनिवाडा सुरू होतो. एकाचे रंग गडद, दुसऱ्याचे फिके. एकात चकलीचे काटे मोजून घ्यावेत, तर दुसऱ्यात मागची समई सुरेख धूसर झालेली. आवाज चढतात. वडील मंडळी "काय हा पोरखेळ!" म्हणून हसतात.

मला हा पोरखेळ वाटत नाही. या वादातला 'चांगला' हा शब्द मोठा लबाड आहे. आंबा गोड निघाला की आपण त्याला चांगला म्हणतो. साक्षीदार केवळ गोड बोलतो म्हणून त्याला कोणी चांगला साक्षीदार म्हणत नाही. मग फोटोची जात कोणती? तो आंबा की साक्षीदार? हे न ठरवताच आपण दहा हजारांपासून लाखापर्यंतचे फोन एकमेकांशी झुंजवीत असतो.

मी पेशाने शाळामास्तर. गुण देण्यात माझी वीस वर्षे गेली. म्हणून डीएक्सओमार्क या फ्रेंच संस्थेची गुणपत्रिका पाहून मला मौज वाटली. ही संस्था फोनच्या कॅमेऱ्यांची परीक्षा घेते आणि आपले काम काटेकोरपणे करते. २०१८ साली तिने हुआवेच्या पी२० प्रो या फोनला १०९ गुण दिले. शंभरावर गुण देण्याचे धाडस मला कधी झालेले नाही! परंतु हे गुण शंभरांपैकी नसतातच. त्यांना वरची मर्यादा नाही. पुढे काही फोनांनी दीडशेचाही टप्पा ओलांडला. पूर्ण गुण कशाला द्यायचे हेच जिथे ठरलेले नाही, तिथे पहिला नंबर कोणाचा या प्रश्नाला तरी कितपत अर्थ उरतो?

बरे, तज्ज्ञांना सोडून लोकांचा कौल घ्यावा, तर तोही होऊन गेला आहे. मार्केस ब्राउनली हा अमेरिकेतला प्रसिद्ध यूट्यूबकार फोनांची नावे झाकून एकाच दृश्याचे निरनिराळे फोटो लोकांपुढे ठेवतो आणि मते मागवतो. २०२२ सालच्या त्याच्या चाचणीत गूगलचा पिक्सेल ६ए हा बेताच्या किमतीचा फोन पहिला आला. दुपटीहून अधिक किमतीचे फोन त्याच्या मागे पडले. अशा चाचण्यांतून पुनःपुन्हा दिसणारी गोष्ट एवढीच, की ज्या फोटोत उजेड अधिक त्याला मते अधिक. दृश्यात उजेड खरोखर किती होता, हे मत देणाऱ्यांनी पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे फक्त फोटो असतात.

मी चित्रकला शिकवतो, आणि या ठिकाणी मला माझा वर्ग आठवतो. स्थिरचित्राच्या तासाला टेबलावर एक मडके, दोन कांदे आणि एक फडके मांडलेले असते. अर्धा तास गेला की शेजारशेजारची दोन मुले हमखास आपापले कागद एकमेकांना लावून पाहू लागतात. "तुझी सावली काळी झाली." "तुझेच मडके पसरट आहे." दोघेही तावातावाने बोलत असतात, आणि मडक्याकडे दोघांचीही पाठ असते! "अरे, मडक्याकडे पाहा," हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतर कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक वेळा उच्चारले असेल. फोनांच्या तुलनेत नेमकी हीच गंमत होते. फोटो फोटोशी ताडला जातो, आणि ज्याचा फोटो काढला तो पदार्थ, ते माणूस, ते आभाळ बाजूला राहते.

एके काळी यामुळे फारसे बिघडत नव्हते. कॅमेरा बरावाईट असे, पण समोर जे होते त्याचाच प्रकाश त्यात शिरे. फोनचे काम निराळे आहे. त्याच्या भिंगामागचा प्रकाश टिपणारा तुकडा नखाएवढा, आणि भिंगही इवलेसे. त्यात प्रकाश शिरून शिरून किती शिरणार? ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. गूगलने २०१८ साली 'नाइट साइट' ही सोय आणली. तिच्यात आपण बटन एकदाच दाबतो, पण फोन पंधरापर्यंत फोटो टिपतो आणि त्यांची सांगड घालून एक उजळ फोटो आपल्या हाती देतो. वीस कोटी बिंदूंचा म्हणून विकला जाणारा सॅमसंगचा २०२३ सालचा फोनही एरव्ही सोळा सोळा बिंदूंचा एकेक करून सव्वा कोटी बिंदूंचाच फोटो देतो. तेव्हा त्या आकड्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही. खरी स्पर्धा आता भिंगांची राहिलेली नाही. टिपलेल्यातले काय ठेवावे, काय पुसावे आणि काय उजळावे, याविषयीच्या मतांची ती स्पर्धा आहे. आयफोनचे एक मत, पिक्सेलचे दुसरे, सॅमसंगचे तिसरे.

या मतांची धाव कुठवर जाते ते पाहा. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचा एक फोटो मुद्दाम पुसट केला, इतका की त्यावरचा एकही डाग ओळखू येऊ नये. तो संगणकाच्या पडद्यावर लावून, खोलीत अंधार करून, त्याने दुरून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्याला डागांसकट स्वच्छ चंद्र दिला! पुसट गोळ्यात जे नव्हतेच ते फोटोत आले. पुढे कंपनीने खुलासा केला, की समोर चंद्र आहे हे फोन ओळखतो आणि त्यातले बारकावे वाढवतो; नको असल्यास ही सोय बंद करता येते. म्हणजे कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध पिता पिता आपण जो चंद्र टिपतो, त्यात थोडा आपल्या आभाळातला आणि थोडा यंत्राच्या पाठांतरातला असतो. घोकून आलेला विद्यार्थी प्रश्न न वाचताच बरोबर उत्तर लिहितो, तसे हे आहे. उत्तर बरोबर आहे. त्याने प्रश्न वाचला नाही, एवढेच.

चंद्राचे काय, तो काही तक्रार करणार नाही. माणसाच्या चेहऱ्याशी असेच झाले म्हणजे प्रश्न अवघड होतो.

माझी आत्या पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. सहाव्या वर्षी तिला देवी आल्या, आणि त्यांचे वण आजही तिच्या गालांवर आहेत. त्याच साथीत तिचा धाकटा भाऊ गेला. त्याचा फोटो कोणी काढलाच नव्हता. तो मुलगा या घरात होता याची आता उरलेली खूण म्हटली तर हे वणच. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझ्या मुलाने आणि भाच्याने आपापल्या फोनने तिचा फोटो काढला, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही पडदे शेजारी आले. एका फोनने वण डाग समजून साफ केले होते. गाल साटिनसारखे गुळगुळीत. दुसऱ्याने ते इतके कोरून काढले होते, की डोळ्यांना दिसतात त्याहून दुप्पट खोल वाटावेत. मुलांचा वाद जोरात चालला होता, आणि आत्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाटावर बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे एकानेही वळून पाहिले नाही.

"बघू रे," म्हणून तिने हात पुढे केला. गुळगुळीत फोटो तिने लांब धरून बराच वेळ पाहिला आणि हसत म्हणाली, "साठ वर्षांपूर्वी कुठे होतास रे बाबा? दोन स्थळांनी नाही म्हटलं नसतं." मग फोन परत देताना तिने बजावले, "मी गेल्यावर भिंतीवर हाच लावायचा, सांगून ठेवते."

आता सांगा, यावर मास्तराने काय बोलावे? खोट्या फोटोने एका वृद्ध स्त्रीला साठ वर्षे राहून गेलेला आनंद दिला. तो तिच्या हातून काढून घेण्याइतकी सत्याची मातब्बरी आहे काय? मला तसे वाटत नाही. चेहरा तिचा आहे, आणि तो भिंतीवर कसा राहावा हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच. परंतु येथे एक बारीक भेद आहे. आत्याने तो फोटो पाहून मग पसंत केला. फोनने वण पुसले ते मात्र कोणालाही न विचारता. ती काही न बोलती, तर "आजीचा छान फोटो" म्हणून तो सगळ्यांना धाडला गेला असता, आणि पन्नास वर्षांनी तिच्या पणतवंडांना ठाऊकही झाले नसते की या घरात देवीची साथ येऊन गेली होती. मी भाच्याला दोन्ही फोटो ठेवायला सांगितले. वण दाखवणाऱ्या फोटोची प्रत काढून घेतली, आणि तिच्या पाठीवर आत्याचे नाव, साल आणि त्या मुलाचे नाव लिहिले.

यावर कोणी म्हणेल, की फोटोत फेरफार हे काय आजचे आहे? नाही, आजचे नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. त्याच शतकात आपल्याकडे फोटोंवर चित्रकाराकडून रंग भरून घेण्याची रीत चांगलीच रुळली होती. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवणारे कसबी लोक होते. मुलगी दाखवण्याचे फोटो त्यांच्याच हाताखालून जात. पण त्या माणसाला सांगावे लागे, पैसे द्यावे लागत, आणि निदान घरच्यांना तरी ठाऊक असे की हात फिरला आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. म्हणजे खोटे सांगणे हा माझा जोडधंदाच म्हणा. परंतु माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे स्वच्छ छापलेले असते. फोनच्या फोटोवर तसा शब्द कोठे छापलेला असतो?

गूगलने २०२३ साली 'बेस्ट टेक' नावाची सोय आणली. लागोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा हसरा चेहरा निवडून एकाच फोटोत बसवता येतो. एकाने डोळे मिटले, दुसरा मान वळवून पाहत होता, तिसरी रुसली होती. फोटोत सगळे एकदम हसतात. असा क्षण त्या घरात आलाच नव्हता. दिसायला मात्र कुटुंब फार सुखी दिसते.

शिवाय यंत्राला 'सुंदर' काय ते कोणी तरी शिकवलेले असते. कोडॅकच्या काळात रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांतून गोऱ्या स्त्रीचा एक नमुना-फोटो धाडला जाई. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिच्या कातडीचा रंग ठीक उतरला की यंत्र ठीक, असा हिशेब. काळ्यासावळ्या माणसांचे फोटो बिघडत, ते या हिशेबामुळे. गूगलने २०२१ साली 'रिअल टोन' आणले ते असलीच जुनी चूक सुधारण्यासाठी. माझ्या वर्गात खडूच्या पेटीतल्या गुलाबीसर खडूला मुले आजही 'स्किन कलर' म्हणतात, आणि ज्या हाताने तो खडू धरतात तो हात त्या रंगाचा नसतो. सावळ्या मुली मैत्रिणीचा फोन मागून घेतात, का, तर "त्यात मी गोरी येते." त्या वयाच्या मुलीला आरशापेक्षा फोनचे म्हणणे खरे वाटू लागले, तर त्या फोनला कितीही गुण मिळोत, मी त्याला चांगला म्हणणार नाही.

म्हणून नवा फोन घेणाऱ्याने दुकानात उभे राहून एक साधी परीक्षा घ्यावी. दोन फोटो एकमेकांशी ताडण्याआधी सोबतच्या माणसाचा फोटो काढावा आणि मग त्या माणसाकडे पाहावे. चेहरा उजळणारी, त्वचा गुळगुळीत करणारी सोय आपण न सांगता चालू आहे काय, आणि ती बंद करता येते काय, हे विचारावे. हवी असेल तर ती खुशाल चालू ठेवावी. मात्र ती आपण चालू ठेवली आहे, एवढे स्वतःला माहीत असावे.

आणि या दिवाळीत पणतीचा फोटो काढाल तेव्हा फोनने दिलेल्या उजेडावर लगेच भाळू नका. फोन सबंध अंगण उजळून दाखवील. तुळशीवृंदावनाच्या मागची भिंतसुद्धा दिसेल. एकदा मान वर करून पणतीकडे पाहा. तिचा उजेड हातभरच पडलेला असतो. त्यापलीकडे अंधार असतो, आणि ती लावली आहे ती त्यासाठीच.