आहत नाद आणि कोल्हापूर

भारतीय संगीतविचाराने नादाला ब्रह्म मानले, आणि ब्रह्म सर्वव्यापी असेल तर नादालाही गाव नसावे. तरीही एखादे नगर एखाद्या गायकीचे माहेर होते आणि शिष्य तेथे लांबून येऊन राहतात. म्हणून नगर संगीताचे केंद्र कसे बनते हा प्रश्न इतिहासाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादाचे दोन प्रकार सांगितले. अनाहत नाद, म्हणजे आघाताविना असणारा आणि गुरूने दाखवलेल्या वाटेने मुनींनी उपासावा असा, मुक्ती देतो पण लोकांचे रंजन करत नाही. आहत नाद, म्हणजे कंठ, तार वा चामडे यांवरील आघाताने उमटणारा, रंजनही करतो आणि भवबंधही तोडतो. अनाहताला स्थळाची गरज नाही. आघात मात्र कुठेतरी व्हावा लागतो, आणि ज्याला आपण संगीताचे नगर म्हणतो ते मुळात अशा आघाताची जागा असते.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. राजस्थानातील उनियारा येथे 1855 साली जन्मलेले अल्लादिया खाँ 1895 साली शाहू छत्रपतींच्या दरबारी आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, या संस्थानाशी बांधलेले राहिले. त्यांच्या घराण्याला, म्हणजे गुरुशिष्य परंपरेने जपलेल्या विशिष्ट गायनपद्धतीला, जयपूर-अत्रौली असे नाव आहे. त्या नावात कोल्हापूर नाही, पण लयीला बिलगून चालणारी, जोडरागांत, म्हणजे एकाहून अधिक राग गुंफून बनवलेल्या रागांत, रमणारी ती पेचदार गायकी महाराष्ट्राच्या कानात मुरली ती येथूनच. राजाश्रयाने याचा उलगडा होतो असे सहसा मानले जाते, परंतु ते अपुरे आहे, कारण गवई पदरी बाळगणारी संस्थाने अनेक होती आणि त्यांतील बहुतेकांचे संगीत गादीबरोबर मावळले.

खरे कारण अधिकाराच्या प्रश्नात शोधावे लागते. अधिकार म्हणजे कोणता शब्द कोणी उच्चारावा आणि कोणी ऐकावा याची शास्त्राने ठरवलेली पात्रता. खाँसाहेब येऊन चार-पाच वर्षे होतात न होतात तोच याच नगरात वेदोक्ताचा वाद पेटला: छत्रपतींच्या धर्मकृत्यांत वेदांतील मंत्र न म्हणता शूद्रांसाठी विहित मानलेले पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी उघड झाले आणि पुढे संस्थान ढवळून निघाले. ज्या राजाला नादाच्या सर्वांत पवित्र मानलेल्या रूपापासून दूर ठेवले गेले, त्याच्याच दरबारात एक मुसलमान गवई नादाची उपासना करत होता. शाहूंनी या दोन गोष्टी मनात जोडल्या होत्या असे म्हणण्याची गरज नाही. पण मंत्राभोवती जे कुंपण होते ते रागाभोवती नव्हते. 1883 साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या देवल क्लबसारख्या संगीतसंस्थेमुळे हे गाणे दरबाराबाहेर, रसिकांच्या बैठकीत पोहोचले.

आश्रय ही अट नाही, हे दूरच्या एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. हिप-हॉप, म्हणजे ठेक्यावर शब्द लयीत उच्चारण्याची आणि त्याभोवती वाढलेली कला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात रुजली. 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने तबकडीतील तालाचा तुकडा लांबवून लोकांना नाचवले, ती त्या कलेची जन्मरात्र मानली जाते. तेथे राजा नव्हता, पैसा नव्हता. हर्क जमैकाहून आलेला होता, जसे खाँसाहेब राजस्थानातून आले होते. दोन्हीकडे बाहेरून आलेला एक माणूस होता आणि त्याची पात्रता न विचारता ऐकणारा समुदाय होता. शार्ङ्गदेव ज्याला देशी म्हणतो, म्हणजे त्या त्या प्रदेशातील जनांच्या रुचीप्रमाणे हृदयरंजन करणारे संगीत, ते अशाच ऐकण्यातून घडते.

घराण्यांचेही स्वतःचे सोवळे होते, हे येथे लपवू नये. दुर्मीळ रागांच्या बंदिशी सहजासहजी दिल्या जात नसत. तरीही समाजाने मान नाकारलेल्या गोमंतकातील कलावंत घरांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या आणि घराण्याचा मोठा वारसा त्यांच्याकडे आला. खाँसाहेब पुढे मुंबईस गेले, तरी त्यांचे पुत्र भूर्जी खाँ कोल्हापुरात शिकवत राहिले. आणि ज्या नगरात छत्रपतींना वेदमंत्र नाकारला गेला होता, त्याच नगरात 1940च्या दशकात धोंडूताई कुलकर्णी ही ब्राह्मण घरातील मुलगी भूर्जी खाँसमोर बसून तालीम घेत होती.