दुर्मिळ आहे म्हणून मोलाचं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८



८४ लक्ष योनींनंतर मिळणारा नरदेह दुर्लभ आहे, हे आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलोय. खगोलशास्त्र वाचलं की तेही हेच सांगतंय असं वाटतं. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढाच, पण तिथली जमीन शिसं वितळेल इतकी तापलेली. मंगळावर हवेचा दाब आपल्या १ टक्क्याहूनही कमी. १९९५ साली मेयर आणि केलोझ या शास्त्रज्ञांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला. आज इतर ताऱ्यांभोवतीच्या ५,००० हून जास्त ग्रहांची नोंद आहे. सजीव असल्याची खात्री मात्र एकाच ठिकाणची, इथली.

लगेच आपण म्हणतो, जीवन इतकं दुर्मिळ, म्हणून ते अनमोल! इथे माझ्यातला इंजिनिअर जरा थांबतो. ग्राफवर एकच बिंदू असेल तर त्यावरून रेषा कशी ओढणार? आपल्या आकाशगंगेतच निदान १० हजार कोटी तारे आहेत. जीवन कदाचित फक्त इथेच असेल, कदाचित जागोजागी असेल. समजा उद्या ते दुसरीकडे सापडलं, तर आपल्या घरातल्या बाळाचं मोल कमी होईल का?

दुसरी गोष्ट जास्त टोचते. विश्वात जीवन दुर्मिळ असेलही, पण पृथ्वीवर माणूस दुर्मिळ नाही. ८०० कोटींच्या वर आहोत आपण. दुर्मिळतेवर मोल ठरवायचं तर माणूस स्वस्तच निघेल. तसा तो धरलाही जातो. आमच्या क्षेत्रात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. 'तिकडचे दोन रिसोर्स काढा, इकडे एक द्या.' गटारात उतरणाऱ्याला कित्येकदा साधा मास्कही मिळत नाही. हा गेला तर दुसरा येईल, असा हिशोब असतो.

आजचा श्लोक हा हिशोबच मोडून टाकतो. विद्वान आणि नम्र ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सर्वांकडे ज्ञानी सारख्याच नजरेने पाहतो, असं भगवंत सांगतात. यादी नीट बघा, गल्लीतला कुत्रासुद्धा आहे त्यात! कोण किती आहेत, हे भगवंतांनी मोजलेलंच नाही. सगळ्यांच्या आत एकच तत्त्व आहे, मग मोजायचं काय?

मग संत नरदेहाला दुर्लभ का म्हणतात? मला वाटतं, मिळालेला वेळ वाया घालवू नये म्हणून. तो इशारा ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायचा आहे. समोरच्याची किंमत त्यावरून काढायची नाही.

आज कामावर कुणी 'एक रिसोर्स कमी करू' म्हणालं, तर त्या जागी त्या माणसाचं नाव घालून वाक्य पुन्हा म्हणून बघा. जीभ अडखळली, तर श्लोक थोडा तरी उतरला म्हणायचा.

राम कृष्ण हरी!